बॉलस्क्रूविना धावणारं टेबल

श्रोतेहो, नमस्कार. तुमच्यापैकी जे सीएनसीवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या कापाई-यंत्रावर, काम करतात त्यांना बॉलस्क्रूची ओळख करून द्यायला नको. मोटर स्क्रू फिरवते, नट सरकतो, नटाबरोबर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, धरणारं टेबल. पण लांब स्क्रू जोरात फिरवला की पीळ खातो, तापला की लांबतो, झिजला की बॅकलॅश, म्हणजे नटात ढिलेपणा, येतो. लिनिअर मोटरमध्ये हा मधला व्यापच नाही. बेडवर चुंबकांची रांग, टेबलाखाली कॉइल. करंट सोडला की टेबल थेट ढकललं जातं. 1993 साली हॅनोव्हरच्या प्रदर्शनात एक्स-सेल-ओ कंपनीनं असं मशीनिंग सेंटर मांडलं होतं.

पण स्क्रूबरोबर त्याचा आधारही गेला. कटरचा धक्का आता सरळ मोटरवर येतो. पूर्वी तो पोलादाच्या ताठपणावर पेलला जाई. आता तो ताठपणा ड्राइव्हनं, म्हणजे मोटरला करंट पुरवणाऱ्या यंत्रणेनं, क्षणोक्षणी करंटमधून उभा करायचा. माझ्या मते या यंत्राची खरी कसोटी चुंबकांत नाही, इथे आहे.

हिशोब करून पाहा. मिनिटाला 60 मीटर, म्हणजे सेकंदाला एक मीटर. एका मिलिसेकंदात टेबल एक मिलिमीटर पुढे गेलेलं असतं, आणि आपल्याला तर मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग, सांभाळायचे आहेत! म्हणून एकात एक तीन लूप, म्हणजे मोजून चूक सुधारत राहणारी चक्रं, चालतात: बाहेर स्थानाचा, आत वेगाचा, सर्वांत आत आणि सर्वांत जलद करंटचा. नुसती चूक पाहून दुरुस्ती करत राहिलं, तर याच वेगाला आणि स्थानाच्या लूपचा गेन, म्हणजे चुकीच्या किती पट वेग द्यायचा तो आकडा, सेकंदाला 100 असताना टेबल आज्ञेच्या 10 मिलिमीटर मागे राहतं. दोन अक्ष वळताना जॉबचा कोपरा गोल होतो तो यामुळे. पुढचा मार्ग कंट्रोलरला आधीच ठाऊक असतो. मग लागणारा वेग आणि जोर आधीच देऊन टाकायचा. हेच फीडफॉरवर्ड.

आणखी एक अडचण कॉगिंगची. लोखंडी गाभ्याचे दात चुंबकांवरून जाताना टेबलाला बारीक हिसके बसतात. पण ते दर वेळी त्याच जागी बसतात, म्हणून मोजून ठेवता येतात आणि त्या जागी उलटा करंट देऊन मिटवता येतात. मला ही युक्ती फार आवडते. बिनलोखंडी कॉइलमध्ये कॉगिंग नसतं, पण तेवढ्याच आकारात जोर कमी मिळतो.

उभ्या अक्षावर मात्र ब्रेक हवाच. वीज गेली की मोटरचा जोर जातो आणि टेबल खाली घसरतं. आणि चुंबकांवर घट्ट झाकण ठेवा, नाहीतर लोखंडाच्या चिप्स तिथेच जाऊन चिकटतील.