दुर्मिळ नाणे घ्यावे की सुस्थितीतले?

श्रोतेहो, नमस्कार. नाण्यांचा संग्रह करू लागलेल्या माणसापुढे एक पेच लवकरच उभा राहतो. गाठीला पैसे बेताचेच असतात, आणि समोर एकीकडे सहसा हाती न लागणारे पण पार झिजलेले नाणे असते, तर दुसरीकडे पुष्कळ मिळणारे, मात्र अक्षर न् अक्षर शाबूत असलेले. अशा वेळी सगळ्या नाण्यांना एकच नियम लावता येत नाही, आणि आपल्यासारख्या समुद्रकाठी राहणाऱ्यांना तर मुळीच नाही, असे माझे मत आहे.

आधी दुर्मिळतेविषयी. जुने म्हणजे दुर्मिळ हा समज सोडलेला बरा. ईस्ट इंडिया कंपनीचा १८३५ सालचा पाव आणा जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे, तरी तो इतक्या प्रचंड संख्येने पाडला गेला की आजही एखाद्या घराच्या फडताळात सहज निघतो. असे नाणे घ्यायचे तर उत्तम स्थितीतलेच घ्यावे, कारण झिजलेला पाव आणा कधीही मिळेल. याउलट सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा चांदीचा रुपया वयाने कितीतरी लहान असूनही हौशी मंडळी वर्षानुवर्षे त्याच्या शोधात असतात. आणि नेमक्या त्याच कारणाने, दुसऱ्या सालच्या रुपयावरचे आकडे कोरून त्याचा ‘१९३९’ करणारे कारागीरही निपजले आहेत. १९४० पासून रुपयातली चांदी ५० टक्क्यांवर आली तरी वजन पूर्वीचेच, ११.६६ ग्रॅम, राहिले. त्यामुळे नुसत्या वजनकाट्याने ही लबाडी उघडी पडत नाही. भिंगाखाली आकड्याभोवतीची जमीन, म्हणजे नाण्याचा सपाट भाग, पाहावी लागते, आणि नाणे झिजलेले असेल तर वापराचा ओरखडा कोणता व हत्याराचा कोणता हे ओळखणे कठीण होते. म्हणून दुर्मिळ म्हणून दाखवलेला झिजका रुपया मी तरी घेणार नाही.

हाताने ठोकलेल्या नाण्यांची गोष्ट निराळी. शिवराईच्या, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेल्या तांब्याच्या नाण्याच्या, एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात. पण ठशापेक्षा तांब्याची चकती बहुधा लहान असे आणि घाव मध्यावर बसेच असे नाही, त्यामुळे कुठे ‘छ’ अर्धाच उमटतो, तर कुठे ‘शिव’ काठाबाहेर जातो. ही झीज नव्हे, हा जन्मजात प्रकार आहे. शिवराई पुढे पेशवाईतही पाडली जात असल्याने ती सरसकट दुर्मिळ नाही. दुर्मिळ आहे ती सगळी अक्षरे चकतीवर उतरलेली शिवराई. तेव्हा इथे कडा किती गुळगुळीत झाल्या याचा घोर न करता अक्षरे किती वाचता येतात ते पाहावे.

काही वेळा तर ज्याला आपण खराबी म्हणू तोच इतिहास असतो. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाची १३,०००हून अधिक चांदीची नाणी सापडली आणि त्यांपैकी दोन-तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाचा चेहरा त्या घावाखाली दबला आहे, म्हणून ते नाणे हलक्या प्रतीचे म्हणायचे काय?

आता आपल्या हवेकडे वळतो. दुर्मिळता कपाटात ठेवल्याने सहसा कमी होत नाही, पण स्थिती मात्र घेतल्या दिवसापासून सांभाळावी लागते. खाऱ्या, दमट हवेतले क्लोराइड तांब्यात शिरले की पृष्ठभागावर फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके उठतात. टोकदार काडीने टोकरले तर भुकटी सुटते आणि खाली खळगा दिसतो. ओलावा मिळत राहिला तर हे पोखरणे थांबत नाही. गडद, घट्ट बसलेला हिरवा थर वेगळा. तो निरुपद्रवी असतो आणि काढू नये. देवाची तांब्याची भांडी आपण चिंचेने किंवा आमसुलाने लख्ख घासतो, तो हात नाण्यांवर चालवू नये, कारण आम्लाने वरचा तपकिरी रंग जातो आणि तो गेला की जाणकाराच्या लेखी नाण्याची निम्मी किंमतही जाते. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटांतूनही कालांतराने चिकट हिरवा द्रव सुटतो.

म्हणून तांब्यापुरते मी असे म्हणेन की हिरवे ठिपके असलेल्या चकचकीत नाण्यापेक्षा चॉकलेटी रंगाचे, किंचित झिजलेले पण निरोगी नाणे घ्यावे, मग विक्रेता पहिल्याला कितीही वरच्या प्रतीचे म्हणो. घाटावरून आणलेले तांब्याचे नाणे ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डबीत वेगळे ठेवावे, पावसाळ्यात पुडी वरचेवर बदलावी, आणि दसऱ्यापर्यंत ठिपका उठला नाही तरच त्याला इतर नाण्यांच्या शेजारी जागा द्यावी.