नकाशांच्या मेजावर वाढलेला विभाग

[दृश्य : चेरापुंजीचा कडा, दरीतून वर चढणारे ढग]

बंगालच्या उपसागरावरून आलेले मोसमी वारे सखल मैदान ओलांडून गारो, खासी आणि जैंतिया टेकड्यांच्या या उभ्या कड्याला धडकतात, आणि म्हणूनच चेरापुंजीत वर्षाला सरासरी ११,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. खडकांच्या दृष्टीने या टेकड्यांचे पठार द्वीपकल्पीय भारताचाच, मधल्या गाळाच्या मैदानामुळे वेगळा दिसणारा भाग आहे. पुढे कलकत्ता विद्यापीठाच्या भूगोल विभागाच्या उभारणीत मोठा वाटा उचलणारे भूगोलतज्ज्ञ प्रा. शिवप्रसाद चॅटर्जी यांनी पॅरिस विद्यापीठासाठी त्याचा अभ्यास केला आणि १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच प्रबंधात त्याला ‘मेघालय’ हे नाव दिले.

[दृश्य : विभागाचा जिना, नकाशांची कपाटे]

कलकत्ता विद्यापीठात भूगोलाचे पदव्युत्तर वर्ग १९४१ साली सुरू झाले. या विभागाच्या उभारणीत चॅटर्जींचा वाटा सर्वांत मोठा होता, आणि मुळात भूगर्भशास्त्र शिकलेल्या या प्राध्यापकाच्या कामाचा कणा नकाशा हाच होता.

[दृश्य : लोकसंख्येच्या घनतेचा नकाशा, जवळून]

हा नकाशा नीट पाहावा. असा एक नकाशा हाताने करायचा म्हणजे जनगणनेतून प्रत्येक ठाण्याची, म्हणजे एका पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या भागाची, लोकसंख्या उतरवून घ्यायची, तिला क्षेत्रफळाने भागायचे, आलेल्या आकड्यांचे गट पाडायचे आणि मग विरळ वस्तीला विरळ, दाट वस्तीला दाट अशा रेघा शाईने भरत जायच्या. एक गट चुकीचा पडला, तर अख्ख्या जिल्ह्याचे चित्र बदलते. भूगोल पाठ करण्याचा विषय आहे, असे आजही मानणाऱ्यांनी हे काम एकदा स्वतः करून पाहावे, असे आम्हाला मनापासून वाटते. १९४९ साली निघालेला चॅटर्जींचा बंगालचा नकाशासंग्रह याच परंपरेतला आहे.

१९४७ साली बंगालच्या फाळणीचाही त्यांनी भौगोलिक अभ्यास लिहिला.

[दृश्य : सीमेवरची नदी. निवेदन नाही.]

[दृश्य : राष्ट्रीय नकाशासंग्रहाची पाने उलटताना]

१९५६ साली कोलकात्यात राष्ट्रीय नकाशासंग्रहासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. चॅटर्जी तिचे पहिले संचालक झाले आणि पुढच्याच वर्षी ‘भारत राष्ट्रीय अ‍ॅटलस’ हिंदीत प्रसिद्ध झाला. त्यातले २६ रंगीत नकाशे म्हणजे विद्यापीठातल्या मेजावरचे काम देशाच्या आकाराचे झाल्याची खूण आहे. १९६४ ते १९६८ या काळात ते आंतरराष्ट्रीय भूगोल संघाचे अध्यक्ष होते.

[दृश्य : शिलाँगचा रस्ता, राज्याच्या नावाची पाटी]

२१ जानेवारी १९७२ रोजी मेघालय पूर्ण राज्य झाले.