बुरशीसारखे दिसते, पण बुरशी नव्हे

उसाचे पाते डोळ्याला लागते किंवा मळणीच्या वेळी भाताचे कुसळ उडून डोळ्यात जाते, काही दिवसांत डोळा लाल होतो आणि बुबुळावर पांढरट डाग दिसू लागतो. शेतकऱ्यांमध्ये आढळणाऱ्या पारपटलाच्या (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या) व्रणाची सुरुवात बरेचदा अशीच असते. डॉक्टर व्रणाची किंचित खरवड काचपट्टीवर घेतात, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि तंतू दिसले, तर बुरशी समजून नॅटामायसिनचे थेंब सुरू करतात. ही रीत स्वस्त आणि जलद आहे, व तिला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही.

घोळ होतो तो पिथियम इन्सिडिओसम या जीवामुळे. त्याचेही तंतूच दिसतात, पण कुळाने तो बुरशीपेक्षा तपकिरी शैवालांना जवळचा आहे. बुरशीच्या पेशीपटलातील ज्या एर्गोस्टेरॉलला नॅटामायसिन जखडते, ते पिथियममध्ये नसल्यातच जमा असते. त्यामुळे थेंब नेमाने घालूनही व्रण पसरतच राहतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील संशोधकांनी बुरशी म्हणून नोंदलेल्या जीवांच्या डीएनएचा एक ठरावीक भाग वाचला, तेव्हा त्यांतले काही पिथियम निघाले. हे काम २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. आता अशा रुग्णांना लिनेझोलिड आणि ॲझिथ्रोमायसिन ही मुळात जिवाणूंवरची औषधे दिली जातात. नाव बदलले आणि औषधच बदलले.

ठरावीक भाग वाचायचा, तर आपण कोणत्या गटातला जीव शोधत आहोत याचा अंदाज आधी असावा लागतो. मेटाजीनोमिक सीक्वेन्सिंगमध्ये तो लागत नाही, कारण नमुन्यातले सगळेच डीएनए आणि आरएनए सरसकट वाचले जातात. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये असा एक रुग्ण नोंदवला, ज्याच्या दोन्ही डोळ्यांचा दाह सोळा वर्षे चालू होता आणि कारण सापडत नव्हते. त्याच्या डोळ्याच्या आतल्या द्रवात ताप व पुरळ आणणारा रुबेला विषाणू मिळाला. विषाणूचे सर्वांत जवळचे नाते १९९२ मधल्या एका जर्मन वाणाशी जुळले, आणि रुग्णाला जर्मनीत राहत असताना ताप व पुरळ येऊन गेले होते!

मात्र सापडलेला प्रत्येक जीव दोषी नसतो. वाचलेल्या डीएनए-आरएनएच्या क्रमांतला बहुतांश भाग रुग्णाच्या स्वतःच्या पेशींचा असतो, आणि उरलेल्यात पापणीवरचे जिवाणू, इतकेच काय, प्रयोगशाळेतल्या रसायनांतले जिवाणूही मिसळतात. म्हणून प्रत्येक वेळी कोरा, म्हणजे रुग्णाचे काहीच नसलेला, नमुना सोबत चालवावाच लागतो. टॉर्क टेनो विषाणू हे अवघड उदाहरण आहे: कल्चरमध्ये (प्रयोगशाळेत जीव वाढवून पाहण्याच्या चाचणीत) काहीच न वाढलेल्या, आतून पू झालेल्या डोळ्यांत तो आढळला आहे, पण निरोगी माणसांच्या रक्तातही तो सर्रास असतो. त्याला रोगकारक म्हणावे की नुसता साक्षीदार, हे केवळ क्रम वाचून ठरत नाही; डोळ्यातली लक्षणे आणि औषधाला मिळालेला प्रतिसाद यांच्याशी ते ताडून पाहावे लागते.