पहिल्या रडण्यानंतरचे सहा तास

(दृश्य: सावळघाट, पहाटेचे धुके, वळण घेणारी रुग्णवाहिका)

पेठहून नाशिककडे निघालेल्या या रुग्णवाहिकेत दोन तासांपूर्वी जन्मलेले, अडीच किलो वजनाचे बाळ आहे. जन्मल्यावर ते रडले नाही. परिचारिकेने अंबू बॅगने, म्हणजे हाताने दाबून फुफ्फुसांत हवा भरणाऱ्या पिशवीने, श्वास दिला, तेव्हा काही मिनिटांनी ते क्षीण आवाजात रडले आणि बाहेर बसलेल्या आजीने हात जोडले. श्वास सुरू झाला म्हणजे जिवावरचे टळले, असे कोणालाही वाटेल. परंतु प्राणवायू तुटल्याने होणारी हानी दोन टप्प्यांत होते आणि या बाळाचा दुसरा टप्पा अजून सुरू व्हायचा आहे.

(दृश्य: नवजात अतिदक्षता कक्ष, वजनकाट्यावर ओला लंगोट)

ओल्या लंगोटाच्या वजनातून कोरड्याचे वजन वजा केले की लघवी किती झाली ते कळते. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. पहिला दिवस उलटल्यावरही दर किलोमागे ताशी १ मिलिलिटरपेक्षा कमी लघवी होत राहिली, तर मूत्रपिंडाला मार बसल्याची शंका घ्यावी लागते. प्राणवायू कमी पडताच शरीर मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींकडे रक्त वळवते, आणि ही काटकसर मूत्रपिंड व आतडी यांच्या पोटाला चिमटा काढून केलेली असते. कक्षातील सर्वांत स्वस्त उपकरण असलेला हा काटा म्हणूनच आम्ही इतका वेळ दाखवत आहोत.

(दृश्य: पेशीचे रेखाटन)

उपाशी पेशीतील ऊर्जा संपते, सोडियम बाहेर टाकणारे पंप थांबतात, पाणी आत शिरते आणि पेशी फुगून फुटते. त्यातून एचएमजीबी-१ हे प्रथिन आणि पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातील डीएनए बाहेर सांडतात. घरातली भांडी रस्त्यावर दिसावीत, तशी ही द्रव्ये बाहेर दिसताच रोगप्रतिकारक पेशी जंतूंचा हल्ला झाल्याप्रमाणेच हाकाटी करतात. त्या हाकाटीचे शब्द म्हणजे सायटोकाइन हे दाहकारक संदेशक रेणू. टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्युकिन-१ केशवाहिन्यांचे अस्तर सैल करतात, त्यामुळे रक्तातील पाणी ऊतींमध्ये पाझरते. इंटरल्युकिन-८ न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना त्या जागी खेचून आणतो. इंटरल्युकिन-६ यकृताला सीआरपी हे दाहाची खूण असलेले प्रथिन तयार करण्यास भाग पाडतो, आणि म्हणूनच जंतुसंसर्ग नसतानाही या बाळांच्या तपासणीत सीआरपी वाढलेले आढळू शकते. रक्तप्रवाह पूर्ववत झाला की परतलेल्या प्राणवायूपासून घातक ऑक्सिजन रेणू तयार होऊन दाहात भर पडते, आणि हेच रक्त तो निरोप फुफ्फुसांपर्यंत पोहोचवते. एका अवयवाचे दुखणे अनेक अवयवांचे होते ते असे.

(दृश्य: भिंतीवरील घड्याळ, बाळाखालची गार पाण्याची गादी)

मेंदूत मात्र मधे उसंत मिळते. श्वास परतल्यावर ऊर्जा काही काळ सावरते आणि साधारण सहा तासांनंतर पुन्हा कोसळू लागते. या अवधीत बाळाचे तापमान ३३ ते ३४ अंश सेल्सियसवर आणून ते ७२ तास तसेच ठेवले, तर दाहाचा वेग मंदावतो, असा या उपचाराचा आधार आहे. भारत, श्रीलंका व बांगलादेशातील ४०८ बाळांवरील, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हेलिक्स चाचणीत मात्र त्याचा लाभ दिसला नाही. उलट मृत्यू अधिक झाले. जगलेल्या काही मुलांना पुढे फिट्स येतात, काहींना सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे, होते.

(दृश्य: सुरगाणा तालुक्यातील उपकेंद्र)

प्रसूतीपूर्वी परिचारिका मास्क तळहातावर घट्ट टेकवून अंबू बॅग दाबून पाहते. गादीचा खर्च करण्याआधी ही बॅग आणि ती चालवणारा सरावाचा हात जिल्ह्यातील प्रत्येक प्रसूतिकक्षात असायला हवा, असे आम्हाला वाटते.

(दृश्य: अतिदक्षता कक्ष, दुसरी रात्र)

लंगोट पुन्हा काट्यावर ठेवला आहे. परिचारिका तक्त्यावर लिहिते: मागील तीन तासांत ९ मिलिलिटर.