नाताळ क्लबचा चेक

(दृश्य: टेबलावर पसरलेले रंगीत चेक)
लाल मेणबत्ती, हिरवी हॉलीची पानं, बाळ येशूला भेटायला उंटांवरून निघालेले तीन ज्ञानी. त्याखाली बँकेचं नाव, खातेदाराचं नाव आणि रक्कम. नाताळ क्लब म्हणजे नाताळच्या खर्चासाठी आठवड्याला थोडे थोडे पैसे बँकेत साठवायची योजना, आणि वर्षाअखेरी साठलेली रक्कम या चेकने मिळे. अमेरिकेतल्या बँकांचे एरवीचे चेक बहुधा इतके सजवलेले नसत. नाताळ क्लबचा चेक मात्र त्या हौसेने सजवून छापून घेत.

(दृश्य: कार्लाईल गावाची जुनी छायाचित्रं)
पेनसिल्व्हेनिया राज्यातलं कार्लाईल. १९०९ साली इथल्या कार्लाईल ट्रस्ट कंपनीचे खजिनदार मर्केल लँडिस यांनी नाताळच्या खर्चासाठी बचत योजना काढली. सुमारे ३५० जणांनी पैसे भरले आणि १ डिसेंबरला माणशी सरासरी २८ डॉलर हातात पडले. आपल्याकडच्या दिवाळी भिशीसारखंच, फक्त पैसा बँकेत.

(दृश्य: कूपन पुस्तिका, पानं उलटणारा हात)
पुस्तिकेत ५० कूपनं, आठवड्याला एक. कूपन फाडायचं, पैशांसोबत खिडकीवर द्यायचं, उरलेल्या अर्ध्यावर शिक्का घ्यायचा. डॉलरच्या पुस्तिकेचे वर्षाला ५० डॉलर होत. सुरुवातीच्या काळात चढत्या हप्त्याची योजना फार चाले: पहिल्या आठवड्यात १ सेंट, दुसऱ्यात २, पन्नासाव्यात ५०. एकूण १२ डॉलर ७५ सेंट. पाच सेंटांनी चढणाऱ्या योजनेत ६३ डॉलर ७५ सेंट जमत, पण शेवटचा हप्ता अडीच डॉलरचा. हिवाळ्याचा खर्च अंगावर आलेला असतानाच सगळ्यात जड हप्ते येत आणि लोक तिथेच अडकत. म्हणून बँकांनी उलटी योजनाही ठेवली: मोठा हप्ता आधी, १ सेंट शेवटी. व्याज कित्येक बँका देतच नसत.

(दृश्य: चेक-प्रोटेक्टर यंत्र, दांडा खाली येतो)
हे यंत्र आकडा नुसता छापत नाही, कागदात दातेरी चिरा पाडून शाई आत दाबतं. मग रक्कम खोडून वाढवणं अवघड होतं. चेक उलटा करून बोट फिरवा, खरखर लागेल. नवखे संग्राहक याला फाटका कागद समजून चांगला चेक बाजूला टाकतात. बारीक छिद्रांनी उमटवलेली ‘पेड’ ही अक्षरंही दोष नव्हेत. चेक वटल्याचा तो पुरावा.

(दृश्य: भिंगाखाली चेकचा कोपरा)
साल छापलेलं नसेल तर कोपरे वाचा. वरच्या बाजूला अपूर्णांकासारखा बँक-क्रमांक असेल, तर चेक १९१०च्या आधीचा नाही. तळाशी चुंबकीय शाईचे ठोकळेबाज आकडे असतील, तर तो १९५०च्या दशकाच्या अखेरचा किंवा नंतरचा. पत्त्यात पाच आकडी झिप कोड, म्हणजे अमेरिकेतला पिनकोड, असेल, तर १९६३ किंवा त्यापुढचा.

(दृश्य: बंद पडलेल्या बँकांच्या पाट्या)
१९३०च्या दशकात हजारो बँका बुडाल्या, कित्येकांची नाताळची पुंजीही त्यात गेली.

(दृश्य: कपाटातून निघालेला गठ्ठा)
नाताळ क्लबचा चेक बँक स्वतःच्याच खात्यावर काढायची. त्यामुळे वटलेला चेक खातेदाराकडे न जाता बँकेतच राहायचा आणि ठरावीक मुदतीनंतर नष्ट व्हायचा. आज हाती लागतात ते बहुतेक कोरे किंवा नमुन्याचे. नाव, रक्कम आणि छिद्रं, तिन्ही असलेला चेक मिळाला तर त्यावरचं चित्र फिकं आहे म्हणून सोडू नका. विलीन होऊन गेलेल्या छोट्या गावच्या बँकेचा व्यवहार त्यावर नोंदलेला आहे. २००४पासून अमेरिकेत कागदी चेकऐवजी त्याची प्रतिमा पुढे पाठवता येते, आणि क्लबची रक्कम आता बहुधा सरळ खात्यात जमा होते. नवे चेक फारसे यायचे नाहीत, आहेत तेच जपायचे.

(दृश्य: पारदर्शक पाकिटात सरकणारा चेक)
टाचणी गंजते, रबर चिकटतं, चिकटपट्टीचा पिवळा डाग निघत नाही. तिन्ही चेकपासून दूर ठेवा. पीव्हीसीची पाकिटं कालांतराने चिकट होतात, पॉलिएस्टरची वापरा. नोंद पेन्सिलीने वेगळ्या चिठ्ठीवर करा, चेकवर नको. आणि चित्र इंटरनेटवर टाकण्याआधी खातेदाराचं नाव आणि खातेक्रमांक झाका.