तीन वर्षं पडून राहिलेला बग

(पडद्यावर: बगची यादी. कोणीतरी स्क्रोल करतंय, बराच वेळ.)

ओपन सोर्स प्रकल्प, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही बघता-बदलता येतो असं सॉफ्टवेअर, जरा नावारूपाला आला की सगळ्यात आधी गर्दी होते ती इथं, बगच्या म्हणजे चुकांच्या यादीत. कोड लिहिणारे चार-पाच जण, वापरणारे हजारो, आणि तक्रार नोंदवायची मुभा प्रत्येकाला. प्रकल्प सांभाळणारा मेंटेनर रात्री नोकरीवरून येऊन दोन बग मिटवतो, तोवर नवे पाच आलेले असतात.

आजचा दिवस या यादीसाठी. ट्रायाज डे, म्हणजे बगची छाननी करायचा दिवस. शब्द मूळचा फ्रेंच. जखमींपैकी आधी कोणाला बघायचं हे ठरवणाऱ्या डॉक्टरांकडून तो सॉफ्टवेअरवाल्यांनी उचलला. डॉक्टरांच्या ट्रायाजमध्ये शस्त्रक्रिया होत नाही, तशी ती आज इथंही होणार नाही. डेबियन ही ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्यांची बग स्क्वॉशिंग पार्टी वेगळी. तिथं नवी आवृत्ती अडवून धरणारे बग खरोखर दुरुस्त करायला लोक बसतात. आज एकही बग दुरुस्त झाला नाही तरी चालेल. डेबियनवरूनच बनलेल्या उबुंटूचे लोक अशा दिवसाला हग डे म्हणायचे. बगला मिठी मारायची, म्हणजे निदान त्याची विचारपूस करायची.

(पडद्यावर: स्वयंसेवक लॅपटॉप उघडतात. काही जण व्हिडिओ कॉलवर.)

आयोजकांचं खरं काम दोन आठवडे आधीच झालंय. सगळी यादी लोकांपुढे टाकली की प्रत्येक जण वरचेच दहा बग उघडतो, हा ठरलेला घोळ. म्हणून फिल्टर लावला: वर्षभरात कोणी हात न लावलेले, लेबल नसलेले. त्यातून माणशी सहा-सात बग वाटून दिले. सुरक्षेशी संबंधित वाटणारे आधीच बाजूला काढले. त्यांची चर्चा चारचौघांत करायची नसते. असे प्रकल्प जिथं ठेवलेले असतात त्या गिटहबवर ट्रायाज नावाची वेगळी परवानगी असते, लेबल लावता येतं, इश्यू म्हणजे नोंदवलेली तक्रार बंद करता येते, कोडला मात्र हात लागत नाही. ती सगळ्यांना देऊन ठेवली. हे राहून गेलं असतं, तर दिवसभर एकच वाक्य ऐकू आलं असतं: "माझ्याकडे बटणच दिसत नाही."

आता एक बग जवळून बघू.

(पडद्यावर: रिपोर्ट. मजकूर दीड ओळ, खाली स्क्रीनशॉट.)

"एक्स्पोर्ट दाबलं की काहीच होत नाही. कृपया बघा." तीन वर्षांपूर्वीचा. आवृत्ती लिहिलेली नाही. खाली दोघांनी "मलाही" म्हटलंय, तेवढंच.

स्वयंसेविका ताजी आवृत्ती टाकते, एक्स्पोर्ट दाबते. फाईल मुकाट तयार होते. इथं मोह होतो: "माझ्याकडे चालतंय" असं लिहावं आणि इश्यू बंद करावा. बहुतेकांचा हात इथंच सुटतो.

ती स्क्रीनशॉट मोठा करते. खिडकीच्या वरच्या पट्टीत फाईलचा पत्ता दिसतो, आणि फोल्डरच्या नावात हॅशची (#) खूण आहे. ती तसंच फोल्डर बनवते, त्यात फाईल ठेवते, पुन्हा एक्स्पोर्ट दाबते.

काहीच होत नाही.

(थोडा वेळ शांतता.)

प्रोग्राम फाईलचा पत्ता वेबच्या पत्त्यासारखा वाचत असणार. वेबच्या पत्त्यात हॅशनंतरचं सगळं पानाच्या आतली जागा दाखवतं. म्हणजे फाईलचं नाव मध्येच तुटलं. हा अंदाज, आणि तो अंदाज म्हणूनच लिहायचा. पण आता रिपोर्टमध्ये पायऱ्या आहेत: असं फोल्डर करा, हे दाबा, हे व्हायला हवं होतं, हे झालं. मेंटेनरला दोन मिनिटांत तोच बग आपल्या मशीनवर दिसेल. दीड ओळीच्या तक्रारीचं काम झालं ते एवढंच, पण तेच तीन वर्षं अडलं होतं.

जुन्या आवृत्तीत हे चालत होतं का, हे शोधायला गिट या कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातली बायसेक्ट ही सोय आहे. दर वेळी मधला बदल तपासायचा आणि निम्मे बाद करायचे. हजार बदलांत दोषी सापडायला दहाएक चाचण्या पुरतात. ज्याला ते जमतं त्याच्याकडे असे बग सरकवले जातात.

वाद होतो तो प्राधान्यावर. बग किती गंभीर आहे हे तपासणाऱ्याने सांगावं. आधी कोणता घ्यायचा हे काम करणाऱ्याने ठरवावं. दोन्ही स्वयंसेवकांनी ठरवायला घेतलं की मेंटेनरचे चेहरे पडतात.

आणि बंद करणं. उबुंटूचा पहिल्या क्रमांकाचा बग 2004 साली उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी नोंदवला होता: बाजारात मायक्रोसॉफ्टचं वर्चस्व आहे. 2013 मध्ये त्यांनीच तो बंद केला, तोही जग कसं बदललं हे लिहून. इतक्या गमतीच्या बगलाही कारण मिळालं. बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, मात्र "हालचाल नाही" म्हणून शेकडो इश्यू एका झटक्यात बंद करतो. यादी सुंदर दिसते, आणि ज्याने एक संध्याकाळ खर्चून रिपोर्ट लिहिला तो पुन्हा लिहीत नाही. मला तरी तो सौदा महाग वाटतो.

(पडद्यावर: संध्याकाळ. लॅपटॉप एकेक करून मिटतात.)

एक्स्पोर्टवाल्या बगवर उत्तर आलंय. तीन वर्षांपूर्वीच्या त्याच माणसाकडून.

"मी आता हे सॉफ्टवेअर वापरत नाही. पण ते फोल्डर अजून आहे. थांबा, बघून सांगतो."