पुठ्ठा, चिकटपट्टी आणि ॲव्हरेज

(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : धावती छोटी हॅचबॅक, शेजारच्या गाडीतून टिपलेली. छतावर आणि मागच्या काचेवर ओळीने चिकटवलेले लाल लोकरीचे धागे.]

छतावरचे धागे बघा. सगळे एका रेषेत, मागे तोंड करून, पत्र्याला चिकटून पडलेत. वेग आहे ताशी 80 किलोमीटर. आता छत संपतं आणि मागची काच सुरू होते. काचेवरचे धागे सैरभैर झालेत. काही गोल फिरताहेत, आणि खालच्या ओळीतले दोन-तीन तर चक्क उलटे, पुढच्या दिशेने वळलेत. गाडी पुढे निघाली आहे आणि तिच्या पाठीमागची हवा तिच्याच मागे घरंगळत येतेय.

एक लोकरीचा गुंडा आणि कागदी चिकटपट्टी, एवढ्यात हे दिसतं. वातबोगद्यातही हीच युक्ती वापरतात, फक्त तिथे गाडी जागच्या जागी उभी असते आणि वारा पळतो.

छतावरून येणारी हवा उताराला लागली की काही अंशांपर्यंत पत्र्याची साथ धरते. उतार 10-12 अंशांचा असेल तर ती निमूट खाली उतरते. पण हॅचबॅकची मागची काच त्याहून कितीतरी तीव्र कोनात कोसळते. हवेला ते वळण झेपत नाही, ती छताच्या काठावरच सुटते. मागे उरतो कमी दाबाचा, भोवऱ्यांनी भरलेला भाग. पुढच्या बंपरवर हवा दाबतेय, पाठीमागे दाब कमी पडलाय, आणि या दोहोंतला फरक गाडीला सतत मागे खेचतोय. तो भरून काढतं पेट्रोल. ही ओढ घरच्या घरी, पुठ्ठा आणि प्लास्टिक वापरून कशी कमी करायची, तेच या फिल्ममध्ये बघायचं आहे.

[दृश्य : कागदावर पेन्सिलने मांडलेला हिशोब.]

साधारण एक टन वजनाची छोटी गाडी घेऊ. तिचा ड्रॅग गुणांक, म्हणजे तिचा आकार हवेला किती अडतो ते सांगणारा आकडा, 0.32; समोरून दिसणारं क्षेत्रफळ 2.1 चौरस मीटर. ताशी 100 किलोमीटरला हवेचा विरोध होतो सुमारे 310 न्यूटन. टायरांचा विरोध त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे 100 न्यूटनच्या आसपास. तीच गाडी 50 ला चालवा, हवेचा विरोध 80 न्यूटनच्याही खाली येतो आणि टायरांचा मात्र जवळजवळ आधीइतकाच राहतो. ज्याची गाडी दिवसभर सिग्नल ते सिग्नल सरकते, त्याने ही फिल्म करमणूक म्हणून बघावी. जो रोज मोठ्या रस्त्याने लांब जातो, त्याच्यासाठी पुढचं सगळं आहे.

[दृश्य : नासाच्या संग्रहातली छायाचित्रं. वाळवंटातली धावपट्टी, तिच्यावर चौकोनी डब्यासारखी व्हॅन.]

ही व्हॅन कुणाला आवडावी म्हणून बनवलेली नव्हती. 1970च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या नासाच्या ड्रायडन केंद्रात एडविन सॉल्ट्झमन नावाचे अभियंते काम करत. सायकलवरून कामाला जाताना शेजारून मोठे ट्रक जात, आणि प्रत्येक ट्रक आधी त्यांना बाजूला ढकले आणि मग स्वतःकडे ओढून घेई. विमानांच्या हवेचा अभ्यास करणाऱ्या माणसाला हा धक्का म्हणजे आयतंच निरीक्षण. त्यांच्या गटाने एक जुनी व्हॅन घेतली, तिला बाहेरून ॲल्युमिनियमचे सपाट पत्रे ठोकले आणि सगळे कोपरे मुद्दाम धारदार ठेवले. शक्य तितका वाईट आकार. मग एकेक कड गोल करत गेले. उभ्या आणि आडव्या दोन्ही कडा गोल झाल्यावर हवेचा विरोध 54 टक्क्यांनी घटला होता. नंतर पोट झाकलं, मागे निमुळती शेपटी लावली, तेव्हा तो आणखी उतरला.

मोजमाप कसं केलं? गाडी वेगात न्यायची, इंजिनाची ओढ काढून घ्यायची आणि ती आपोआप किती वेळात मंदावते ते बघायचं. हे तंत्र लक्षात ठेवा, थोड्या वेळाने आपण तेच करणार आहोत.

[दृश्य : 1921च्या रुम्पलर गाडीचं छायाचित्र. वरून पाहिलं तर आकार थेंबासारखा.]

त्याच्याही आधीची ही गाडी. एडमुंड रुम्पलर यांनी ती 1921 साली बर्लिनमध्ये लोकांसमोर मांडली. रुम्पलर मूळचे विमानं बनवणारे. गाडी फारशी खपली नाही, बऱ्याच टॅक्सी म्हणून संपल्या. पण 1979मध्ये तिच्यातल्या एका उरलेल्या गाडीला फोक्सवॅगनच्या वातबोगद्यात उभं केलं, तेव्हा ड्रॅग गुणांक निघाला 0.28. आज शोरूममधून बाहेर पडणाऱ्या कित्येक गाड्यांना तो आकडा जमत नाही.

1930च्या दशकात स्टुटगार्टचे अभियंते वुनिबाल्ड काम यांनी आणखी एक सोय करून ठेवली. थेंबाची पूर्ण शेपटी गाडीला परवडत नाही, लांबी फार होते. मग शेपटी निमुळती व्हायला लागली की मध्येच सरळ छाटून टाकायची. फायद्याचा मोठा भाग तेवढ्यातच पदरात पडतो. पुढे 1999ची होंडा इनसाइट आली, गुणांक 0.25, मागची चाकं अर्धी झाकलेली. फोक्सवॅगनची एक्सएल1 आली, 0.189. म्हणजे कारखान्यांना सगळं ठाऊक आहे. फक्त गाडी विकली जाते ती समोरच्या रुंद जाळीवर आणि मोठ्या चाकांवर. खाली वाकून तिचं पोट कोण बघतो?

[दृश्य : गाडी रॅम्पवर चढवलेली, चाकांना ठोकळे. कॅमेरा खालून.]

आपण बघू. हा सायलेन्सरचा पाइप, ही इंधनाची टाकी, हा स्टेपनीचा खोलगट भाग, आणि सगळ्यात शेवटी मागचा बंपर, आतून पूर्ण पोकळ. पुढून घुसलेली हवा या प्रत्येक वस्तूला अडखळते आणि अखेर बंपरच्या पोकळीत कोंडते. वरून गुळगुळीत दिसणारी गाडी खालून अशी आहे.

काम सुरू होतं वर्तमानपत्र आणि पुठ्ठ्यापासून. आधी पुठ्ठ्याचा साचा, मग खरा तुकडा. साहित्य म्हणजे जाहिरातींचे फलक बनवतात ते पन्हळी प्लास्टिक. हलकं, कटरने कापलं जाणारं, पाण्याला न जुमानणारं. जुने, वापरून टाकलेले फलकही चालतात. इथे त्यावरची अर्धवट अक्षरं अजून दिसताहेत.

तुकडा कापताना पन्हळी गाडीच्या लांबीच्या दिशेने ठेवायची. आडवी ठेवली तर वाऱ्याने तुकडा मध्येच दुमडतो. तुकडे लावायचे कौलं रचावीत तसे, पण गाडीखाली झोपून : पुढच्या तुकड्याची मागची कड रस्त्याच्या बाजूला, मागच्या तुकड्याची पुढची कड तिच्या आत. उलटं केलं की वारा सांध्यात शिरतो आणि पत्रा सोलून काढतो.

[मूळ आवाज : "दादा, अजून बोटभर खाली घे. हां, आता धर."]

गाडीखाली दोघं भावंडं आहेत, बहिणीच्या हातात ड्रिल आहे. भोकं नव्याने पाडण्यापेक्षा गाडीला मुळात असलेले बोल्ट आणि क्लिपा वापरल्या आहेत. प्रत्येक स्क्रूखाली मोठा वॉशर, नाहीतर प्लास्टिक भोकापाशी फाटतं. जिथे काहीच सापडत नाही तिथे केबल टाय. ऑइल काढायच्या बोल्टखाली एक झडप सोडली आहे, सर्व्हिसिंगच्या वेळी सगळं उतरवायला लागू नये म्हणून. पाणी साचू नये म्हणून सखल जागी भोकं आहेत.

सायलेन्सरच्या बाजूला बघा, तिथे प्लास्टिक थांबतं. हे प्लास्टिक 160 अंशांच्या आसपास वितळतं आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याच्या कितीतरी पुढे तापतो. तिथे ॲल्युमिनियमचा पत्रा आहे, तोही अंतर राखून. आणि जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली कुणी झोपायचं नाही. रॅम्प किंवा स्टँड, तिसरा पर्याय नाही.

[दृश्य : समोरची जाळी. पट्ट्यांच्या फटीत फोमच्या नळ्या बसवणारे हात.]

पुढचं काम सोपं. समोरच्या जाळीतून जेवढी हवा आत जाते तेवढी सगळी रेडिएटरला लागतेच असं नाही. उन्हात चढावर, एसी चालू असताना लागते, एरवी ती बोनेटखाली धडपडत फिरते आणि विरोध वाढवते. पाइपांवर चढवतात त्या फोमच्या नळ्या चिरून जाळीच्या फटींत दाबल्या की झालं. गरज पडली तर हाताने ओढून काढता येतात. अलीकडच्या काही गाड्यांत आपोआप उघडमीट होणाऱ्या झडपा असतात, हे त्यांचं गरिबाघरचं रूप.

एका वेळी एकच फट बंद करायची आणि तापमानावर डोळा ठेवायचा. बऱ्याच छोट्या गाड्यांत काटाच नसतो, नुसता दिवा असतो, आणि दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं हे ओबीडी रीडर लावलं आहे. पडद्यावर 90 अंशांच्या आसपासचा आकडा स्थिर आहे.

[दृश्य : फिरतं चाक, संथ गतीत.]

चाकाकडे बघताना एक गंमत. गाडी 90 ने धावत असेल तर टायरचा रस्त्याला टेकलेला बिंदू क्षणभर स्थिर असतो, आणि टायरचा वरचा बिंदू 180 ने पुढे जात असतो. सगळ्या गाडीत हवेला इतक्या वेगाने भिडणारी दुसरी वस्तू नाही. त्यात रिमच्या आऱ्या पंख्याच्या पात्यांसारखं काम करून हवा घुसळतात. गुणांकाचा सुमारे चौथा हिस्सा चाकं आणि चाकांच्या कमानींचा धरतात.

इथे ॲल्युमिनियमच्या सपाट तबकड्या रिमवर बसवल्या आहेत. पुढच्या चाकांना कडेने फट सोडली आहे, ब्रेक थंड राहायला हवेत.

छतावरचं रिकामं कॅरिअर मात्र कुणी काही न बनवता काढू शकतो. पाना घ्या, चार बोल्ट सोडा. जितकी माणसं पेट्रोलच्या दराबद्दल बोलतात, त्यातली कितीतरी डोक्यावर कॅरिअर घेऊन फिरतात.

[दृश्य : डिकीवर पुठ्ठ्याची शेपटी. मग तीच पन्हळी प्लास्टिकमध्ये. मग धाग्यांसह धावती गाडी.]

आणि ही शेपटी. छताची रेषा 10-12 अंशांत खाली आणायची, दोन्ही बाजू तशाच थोड्या आत घ्यायच्या आणि हातभर गेल्यावर सरळ छाटायचं. मागचे दिवे आणि नंबरप्लेट बाहेर ठेवून. आतला सांगाडा पातळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा आहे. पहिली आवृत्ती पुठ्ठ्याची, कारण कोन चुकला तर पुठ्ठा फेकता येतो.

आता धागे बघा. छत संपलं तरी ते रेषा सोडत नाहीत. शेपटीच्या टोकापर्यंत सरळ आहेत, आणि तिथे, छाटलेल्या कडेपाशी, एकदम सुटतात. भोवरे अजून आहेतच, पण त्यांची जागा आता आधीपेक्षा कितीतरी लहान झाली आहे.

[दृश्य : निर्मनुष्य, सपाट, सरळ रस्ता. डॅशबोर्डवर वेगाचा आकडा, शेजारी हातात स्टॉपवॉच.]

टाकी भरून ॲव्हरेज काढलं की माणूस स्वतःला फसवतो. हवामान, गर्दी, उजव्या पायाची घाई, सगळं त्यात मिसळतं. म्हणून व्हॅनवाल्यांचीच पद्धत. 90 ला न्यूट्रल, 70 येईपर्यंत घड्याळ चालू. मग उलट दिशेने तेच, म्हणजे चढ-उतार आणि मंद वारा एकमेकांना छेदून जातात. टायरमधली हवा तीच, गाडीतली माणसं तीच. आधी बदल न करता, मग बदल लावून, मग पुन्हा काढून. शेवटची पायरी लोक गाळतात, आणि तिच्याशिवाय बाकीच्या दोहोंना काही किंमत नाही.

पडद्याच्या डाव्या बाजूला मूळ गाडी, उजव्या बाजूला शेपटी आणि पोट झाकलेली. डावीकडचा आकडा 70 ला पोचला. उजवीकडचा अजून उतरतोय.

ढोबळ नियम असा की हवेचा विरोध 10 टक्के घटला तर मोठ्या रस्त्यावरचं पेट्रोल 5 टक्क्यांच्या आसपास वाचतं. सगळा फायदा पेट्रोलमध्ये उतरत नाही, कारण इंजिनाला स्वतःच्या घर्षणासाठी लागतं तेवढं लागतंच. समजा विरोध 20 टक्के उतरला, तर लिटरला 20 किलोमीटर देणारी गाडी 22 देईल. आणि 100 ऐवजी 80 ने चाललात तर हवेचा विरोध 36 टक्क्यांनी उतरतो, एकही स्क्रू न पिळता. हेही सांगितलेलं बरं.

बाजूच्या वाऱ्यात शेपटी जाणवते, बाहेर आलेल्या कडा पादचाऱ्याला लागू शकतात, आणि कुठे काय चालतं याचे वाहन-नियम व विम्याच्या अटी आधी वाचाव्या लागतात. आरसे काढून टाकायचा मोह तर कुणी धरूच नये.

[दृश्य : डिकीजवळ, चार क्लिपा सोडणारे हात. शेपटी अलगद सुटते, डिकी उघडते.]

शेपटी अशी काढता येते. क्लिपा सोडल्या की डिकी मोकळी. पुढचं काम मागच्या चाकांच्या झाकणांचं. त्याचा पुठ्ठा कापून झालाय, पण पंक्चर झालं तर चाक काढता येईल असं बिजागर अजून बसवायचं आहे.